शिशाच्या सैनिकांचा सेनापती

१९१३ साली, पहिले महायुद्ध जेमतेम वर्षभरावर येऊन ठेपले असताना, लंडनमध्ये 'लिटल वॉर्स' नावाचे एक छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले. शिशाचे चिमुकले सैनिक, खेळण्यातल्या तोफा आणि पुठ्ठ्याची घरे घेऊन जमिनीवर लढाई कशी खेळावी, याचे नियम त्यात सांगितले होते. लेखक मात्र कोणी खेळण्यांचा व्यापारी नव्हता. 'द टाइम मशीन', 'द इन्व्हिजिबल मॅन', 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या कादंबऱ्यांनी जगभर नाव मिळविलेला आणि वयाची पंचेचाळिशी ओलांडलेला हर्बर्ट जॉर्ज वेल्स याने ते लिहिले होते. मानवजातीच्या भवितव्याची अहोरात्र चिंता वाहणारा हा लेखक घरी गुडघ्यांवर बसून शिशाच्या शिपायांवर नेम धरीत असे.

चिमुकल्या मूर्ती जमविणे, त्या रंगविणे, त्यांच्यासाठी डोंगर-नद्या-गावे उभारणे आणि ठरलेल्या नियमांनी त्यांच्या लढाया खेळणे हा आज अनेक देशांत एक प्रतिष्ठित छंद मानला जातो. त्या छंदाचे उपासक वेल्सला आपला आद्य पुरुष समजतात आणि अमेरिकेत १९७४ साली निघालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या गाजलेल्या खेळाची वंशावळही अशा लढायांपर्यंत जाऊन पोचते. परंतु या छंदाभोवती एक प्रश्न पहिल्यापासून घोटाळत राहिला आहे. जो युद्ध खेळतो, त्याला युद्ध आवडू लागते काय? वेल्सने या प्रश्नाची दोन उत्तरे दिली, आणि ती परस्परविरोधी आहेत. त्यांतले कोणते खरे मानावयाचे, हे ठरविण्यासाठी त्याचे चरित्रच चाळावे लागते.

वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी केंट परगण्यातील ब्रॉम्ली या गावी झाला. वडील जोसेफ हे आधी माळी, नंतर चिनी मातीच्या भांड्यांचे दुकानदार आणि त्याचबरोबर धंदेवाईक क्रिकेटपटू होते. १८६२ साली केंटकडून ससेक्सविरुद्ध खेळताना त्यांनी सलग चार चेंडूंवर चार बळी घेतले होते. दुकान मात्र कधीच नीट चालले नाही. आई सारा ही लग्नापूर्वी एका बड्या घरात मालकिणीची दासी होती. सात-आठ वर्षांचा असताना पाय मोडल्यामुळे हर्बर्ट अंथरुणाला खिळला, आणि वडिलांनी आणून दिलेल्या पुस्तकांनी त्याला वाचनाची गोडी लावली. तीन वर्षांनी, १८७७ मध्ये, वडिलांचाच पाय मोडला. क्रिकेट संपले आणि घरात दारिद्र्य आले.

त्या वयात हा किडकिडीत मुलगा ब्रॉम्लीच्या परिसरात एकटाच भटकत असे, आणि भटकताना मनातल्या मनात प्रचंड लढाया लढत असे. समोरच्या टेकडीवर शत्रूच्या फौजा, खालच्या मैदानात आपले घोडदळ आणि आपण त्यांचा अजिंक्य सेनापती. या मनोराज्यात त्याचा पराभव कधीच होत नसे. तेरा वर्षांच्या पोराचे ते स्वप्न वेल्स पुढे आयुष्यभर विसरला नाही. त्याच्या उत्तरायुष्यातील विचारांत या स्वप्नाला फार मोठे स्थान आहे.

१८८० मध्ये आईने ससेक्समधील अपपार्क या जुन्या वाड्यात घरकारभारणीची नोकरी धरली. या वाड्यात अठराव्या शतकातले एक अप्रतिम बाहुलीघर आहे. त्यात मालकांच्या दिवाणखान्यापासून नोकरांच्या स्वयंपाकघरापर्यंत सारा वाडा चिमुकल्या रूपात मांडला आहे. १९८९ साली वाड्याला भीषण आग लागली, तिच्यातूनही ते बचावले. घरकारभारणीच्या मुलाला मालक आणि नोकर यांच्यातली भिंत या वाड्यात रोज दिसत होती. पुढे १९०९ मध्ये लिहिलेल्या 'टोनो-बंगे' या कादंबरीत त्याने हा वाडा नाव बदलून उभा केला, आणि त्यात एक बाहुलीघरही ठेवले.

हर्बर्टला मात्र साउथसी येथील कापडाच्या दुकानात उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. दिवसाकाठी तेरा-तेरा तास काम आणि रात्री इतर उमेदवारांबरोबर एका दालनात झोप, असे ते जिणे होते. दोन वर्षांनी, एका रविवारी तो सुमारे सतरा मैल चालत आईकडे गेला आणि यापुढे दुकानात राहणार नाही असे त्याने तिला निक्षून सांगितले. मिडहर्स्टच्या शाळेत त्याला शिकाऊ शिक्षकाची जागा मिळाली. तेथून १८८४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून तो लंडनच्या विज्ञान महाविद्यालयात गेला आणि टी. एच. हक्स्ली या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली जीवशास्त्र शिकला. पुढची काही वर्षे त्याने शाळामास्तरकीत आणि पत्राद्वारे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकविण्यात घालविली. पदवी त्याला १८९० मध्ये बाहेरून परीक्षा देऊन मिळाली. ज्यांनी नोकरी सांभाळून परीक्षा दिल्या आहेत, त्यांना या माणसाची जिद्द वेगळी समजावून सांगण्याचे कारण नाही.

१८९५ मध्ये 'द टाइम मशीन' प्रसिद्ध झाली आणि वेल्सचे दिवस पालटले. त्याच वर्षी त्याने एमी कॅथरीन रॉबिन्स हिच्याशी दुसरा विवाह केला. तिला तो जेन म्हणे. नव्या शतकाच्या आरंभी समुद्रकाठच्या सँडगेट येथे त्याने स्वतःचे घर बांधले. १९०१ मध्ये जॉर्ज फिलिप आणि १९०३ मध्ये फ्रँक, असे दोन मुलगे झाले. ज्याला बालपणी खेळावयास फारसे काही मिळाले नव्हते, तो आता मुलांबरोबर जमिनीवर बसून मनसोक्त खेळू लागला.

या खेळांचे पहिले पुस्तक म्हणजे १९११ मधील 'फ्लोअर गेम्स'. त्यात लढाईला दुय्यम स्थान आहे. लाकडी ठोकळे व फळ्या यांनी अद्भुत बेटे वसवावयाची, शहरे बांधावयाची, त्यांचे नगराध्यक्ष नेमावयाचे आणि रेल्वे चालवावयाची, असा तो खेळ. वेल्सची तक्रार अशी होती की, खेळणी करणारे कारखानदार सैनिकच सैनिक तयार करतात. दुकानदार, गाडीवान, पोस्टमन अशी साधी नागरिक माणसे मात्र मिळत नाहीत. या पुस्तकाचा एक परिणाम अगदी अनपेक्षित होता. मार्गारेट लोवेनफेल्ड या डॉक्टर बाईंनी १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये मनाने दुखावलेल्या मुलांसाठी उपचार सुरू केले, तेव्हा त्यांना तरुणपणी वाचलेल्या 'फ्लोअर गेम्स'ची आठवण झाली. वाळूची पेटी आणि चिमुकल्या प्रतिमा मुलांपुढे ठेवल्या, तर शब्दांत सांगता न येणारे दुःख मूल मांडून दाखविते, असे त्यांना आढळले. ही पद्धती आज मानसोपचारात मान्यता पावली आहे.

'लिटल वॉर्स'ची कथा दोन वस्तूंपासून सुरू होते. पहिली वस्तू पोकळ सैनिक. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ मध्ये शिशाचे सैनिक ओतण्याची नवी युक्ती काढली. साच्यात वितळलेला धातू ओतावयाचा, बाहेरचे कवच थिजले की आतला रस परत ओतून काढावयाचा. यामुळे धातू कमी लागू लागला, सैनिक हलके व स्वस्त झाले आणि जर्मन भरीव सैनिकांची बाजारातील मक्तेदारी मोडली. दुसरी वस्तू म्हणजे स्प्रिंगने लाकडी गोळी उडविणारी छोटी तोफ. नऊ यार्डांवरचा सैनिक ती दहातून नऊ वेळा अचूक टिपते, असे वेल्सने मोठ्या कौतुकाने नमूद केले आहे. एके दिवशी सँडगेटला जेवण आटोपून कॉफीची वाट पाहत असताना, त्याच्या एका मित्राने मुलांच्या पसाऱ्यातली ही तोफ उचलली, नेम धरला आणि सैनिक पाडला. हा मित्र म्हणजे विनोदी लेखक जेरोम के. जेरोम, असे सामान्यतः मानले जाते. खेळाचा आरंभ तेथे झाला.

युद्धाचे खेळ त्यापूर्वी नव्हते असे नाही. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ पितापुत्रांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच नकाशा, फासे आणि पंच यांच्या साह्याने अधिकाऱ्यांना शिकविण्याची रीत घालून दिली होती. १८८१-८२ च्या सुमारास आल्प्समधील दावोस येथे क्षयाशी झुंजत असलेला कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आपल्या सावत्र मुलाबरोबर शिशाच्या फौजा लढवीत असे. वेल्सने केले ते एवढेच की, कोणत्याही घरातल्या जमिनीवर तासा-दोन तासांत खेळता येईल, असा सोपा आणि नेटका खेळ सर्वांच्या हाती दिला.

त्याचे नियम वाचताना आजही मौज वाटते. डहाळ्यांची झाडे, पुठ्ठ्याची घरे आणि खडूने रेखलेली नदी यांचा एक मुलूख तयार करावयाचा. मध्ये पडदा धरून दोघांनी आपापली फौज गुप्तपणे मांडावयाची आणि मग पडदा दूर सारावयाचा. पायदळाने एका चालीत एक फूट सरकावे, घोडदळाने दोन फूट. तोफेजवळ किमान चार सैनिक असतील तरच तोफ हलणार किंवा डागली जाणार. हातघाईच्या लढाईत माणसास माणूस या हिशेबाने दोन्हीकडचे सैनिक उचलावयाचे. प्रत्येक चालीला घड्याळाचा काच आहे. तेवढ्या वेळात जे झाले नाही ते राहिले. फासे नाहीत, त्यामुळे दैवाला दोष देण्याचीही सोय नाही. चुकले तर आपणच चुकलो, हे प्रत्येक चालीला कबूल करावे लागते. दिवाळीत अंगणात किल्ला करून त्यावर मातीचे मावळे मांडण्याचा आनंद आपल्यापैकी अनेकांनी घेतला आहे. त्या आनंदात समोर उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याची भर घातली, म्हणजे वेल्सचा खेळ होतो.

पुस्तकाच्या अखेरीस वेल्सने आपले पहिले उत्तर दिले आहे. या खेळात त्याच्यासमोर बसलेले लष्करी अधिकारी, कॅप्टनपासून जनरलपर्यंत, अगदी साध्या नियमांतही गोंधळून जात, असे तो सांगतो. आपण स्वतःही किती घोडचुका करतो हे त्याने पाहिले होते. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला तो असा की, चार हात जमिनीवर जर इतका गोंधळ होतो, तर खऱ्या रणांगणावर, जेथे माणसे रक्तामांसाची असतात, तेथे केवढा अनर्थ होत असेल! तीन-चार डाव खेळणारा कोणीही खऱ्या महायुद्धाला कंटाळेल, अशी त्याची खात्री होती. युद्धखोर राजे आणि पिसाट देशभक्त यांना एका विशाल सभागृहात कोंडावे, हवे तेवढे शिशाचे सैनिक द्यावेत आणि बाकीच्या जगाला सुखाने जगू द्यावे, अशी गमतीदार सूचनाही त्याने केली. खेळ म्हणजे युद्धाची लस, असे हे उत्तर होते.

पुढच्याच वर्षी या उत्तराची परीक्षा झाली. १९१४ च्या आरंभीच्या महिन्यांत प्रसिद्ध झालेल्या 'द वर्ल्ड सेट फ्री' या कादंबरीत वेल्सने अणुबॉम्बची कल्पना मांडली; तो शब्दही त्याचाच. ही कादंबरी वाचलेल्या लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञाला १९३३ मध्ये साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली. १९०३ मधील एका कथेत त्याने रणगाड्याचे आणि १९०८ मधील कादंबरीत विमानांनी शहरे उद्ध्वस्त होण्याचे चित्र रंगविले होते. युद्ध कसे असेल हे त्याच्याइतके कोणालाच दिसले नव्हते. तरीही ऑगस्ट १९१४ मध्ये युद्धाचा पुकारा झाला तेव्हा हाच वेल्स त्याच्या बाजूने आवेशाने लिहू लागला. हे युद्ध युद्धालाच संपविणार आहे, असा त्याच्या लेखांचा सूर होता, आणि त्याच अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तकही त्याने काढले. सप्टेंबरमध्ये ब्रिटिश सरकारच्या नव्या प्रचार विभागाने नामवंत लेखकांची बैठक बोलाविली, तीत वेल्स होता. या विभागाचा प्रमुख होता चार्ल्स मास्टरमन, वेल्सबरोबर शिशाच्या फौजा लढविलेला त्याचा मित्र. लस टोचून घेतलेल्या दोघांनाच पहिल्या फटक्यात रोग जडला, असे म्हणावे लागते.

त्या युद्धात सुमारे नव्वद लाख सैनिक मारले गेले. १९१६ मध्ये वेल्सने इटली व फ्रान्स येथील आघाड्या प्रत्यक्ष पाहिल्या. त्याच वर्षी 'मिस्टर ब्रिटलिंग सीज इट थ्रू' ही कादंबरी आली. युद्धाचे समर्थन करणाऱ्या एका सुखवस्तू लेखकाचा मुलगा रणांगणावर मारला जातो, आणि शोकाकुल बाप शत्रुपक्षाकडील एका मृत तरुणाच्या आईबापांना पत्र लिहावयास बसतो, अशी तिची कथा आहे. वेल्सचे स्वतःचे मुलगे लहान असल्यामुळे वाचले होते. परंतु जमिनीवर आडवा होणारा सैनिक आणि चिखलात आडवा होणारा मुलगा यांतील अंतर त्याला आता कळले होते.

१९१८ नंतर त्याने जगाचा इतिहास लिहावयास घेतला. इतिहासाच्या पुस्तकांतून आपापल्या देशाच्या विजयांचेच पोवाडे गाइले जातात, म्हणून पुन्हापुन्हा युद्धे होतात, असे त्याचे मत बनले होते. १९२० मध्ये 'द आउटलाइन ऑफ हिस्टरी' पूर्ण झाले. अलेक्झांडर आणि नेपोलियन या लहानपणीच्या दैवतांची त्यात त्याने मुळीच गय केली नाही. उलट, विजय मिळविल्यावर युद्ध टाकून देणारा एकमेव राजा म्हणून कलिंगविजेत्या सम्राट अशोकाला त्याने इतिहासातील हजारो राजेमहाराजांच्या वर बसविले. आपल्याकडील शिक्षकांच्या आणि वक्त्यांच्या कित्येक पिढ्यांनी त्या उताऱ्याचा दाखला दिला आहे. पण तो लिहिणारा हात ज्या माणसाचा होता, त्याने सात वर्षांपूर्वी खेळातल्या निळ्या फौजेचा सेनापती म्हणून आपल्या एका लढाईचा वृत्तांत मोठ्या ऐटीत लिहिला होता, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

दुसरे उत्तर १९३४ मधील आत्मचरित्रात आहे, आणि ते कठोर आहे. ब्रॉम्लीच्या टेकडीवर पाहिलेल्या स्वप्नांची आठवण देऊन वेल्स म्हणतो की, हिटलर म्हणजे आपल्या तेराव्या वर्षाच्या मनोराज्याने धारण केलेला देह आहे. शिशाच्या सैनिकांच्या खेळातही तीच जुनी धुंदी होती, असे तो कबूल करतो. मास्टरमन, विन्स्टन चर्चिल, एल. एस. अमेरी यांच्यासारख्या सत्ताधाऱ्यांची राजकीय दृष्टी अशाच कल्पनांत अडकून पोरकट राहिली, असा ठपका ठेवून, आपण स्वतः १९१६ ते १९२० च्या दरम्यान त्यातून बाहेर पडलो, असे तो सांगतो. चर्चिलजवळ बालपणी सुमारे दीड हजार शिशाचे सैनिक होते आणि ते पाहूनच वडिलांनी त्याला लष्करात घालावयाचे ठरविले, ही गोष्ट चर्चिलनेच लिहून ठेवली आहे. या दोन नावांना भारतीय वाचकाच्या दृष्टीने वेगळा अर्थ आहे. १९४० ते १९४५ या काळात चर्चिल पंतप्रधान आणि अमेरी भारतमंत्री होता. १९४२ ची धरपकड आणि १९४३ चा बंगालचा दुष्काळ याच राजवटीतला. धान्य पाठवावे म्हणून अमेरीने मंत्रिमंडळात आग्रह धरला होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण युद्धाच्या नकाशापुढे लक्षावधी भुकेल्या माणसांचे वजन कमी पडले.

मग खरे उत्तर कोणते? आमच्या मते, दोन्ही उत्तरांत वेल्सची एकच गल्लत झाली आहे. टेकडीवरचे मनोराज्य आणि जमिनीवरचा खेळ या एकच गोष्टी आहेत, असे त्याने धरले. वस्तुतः त्या परस्परांच्या उलट आहेत. मनोराज्यात माणूस एकटा असतो. तेथे प्रतिस्पर्धी नाही, नियम नाहीत आणि पराभवही नाही. खेळात समोर दुसरा माणूस बसलेला असतो. त्याची फौज आपल्याइतकीच असते, नियम दोघांना सारखे असतात आणि पडलेला प्रत्येक सैनिक मोजून बाजूला ठेवावा लागतो. आपल्या मनासारखे होत नाही, हे खेळ पदोपदी शिकवितो आणि हरल्यावर प्रतिस्पर्ध्याबरोबर एका टेबलावर जेवावयास लावतो. हिटलरचे जग या खेळातून आलेले नाही. ज्याला समोरच्याचे अस्तित्वच मान्य नाही, अशा एकट्याच्या स्वप्नातून ते आले. तथापि खेळ कोणाला युद्धापासून वाचवितो, हा वेल्सचा पहिला दावाही टिकणारा नाही. १९१४ ने तो खोडून काढला. खेळातून विवेक येतो तो खेळापुरता. तो बाहेर आणावयाचा तर त्याला माणसांच्या दुःखाची ओळख लागते, आणि ती ओळख शिशाचे सैनिक करून देऊ शकत नाहीत. वेल्सला ती आघाडीवर आणि इतिहासाच्या अभ्यासात झाली.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील आईबापांना सैनिकांची खेळणी नकोशी झाली, तेव्हा ब्रिटन यांच्या कारखान्याने शेतकरी, गवळणी, गाई आणि नांगर यांच्या मूर्ती बाजारात आणल्या. साधी नागरिक माणसे मिळावीत ही वेल्सची जुनी मागणी अशा रीतीने पुरी झाली. पण तिची किंमत फार मोठी होती. १९३३ मध्ये नाझींनी त्याची पुस्तके जाळली. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असतानाही त्याने आपले घर सोडले नाही. मानवी हक्कांची एक सनद सर्व राष्ट्रांनी मान्य करावी, यासाठी तो वृद्धापकाळी धडपडत राहिला. ऑगस्ट १९४५ मध्ये त्याच्या कादंबरीतला बॉम्ब हिरोशिमावर पडला. त्यानंतर वर्षभराने, १३ ऑगस्ट १९४६ रोजी, तो लंडनमध्ये मरण पावला.

त्याच्या भाकितांपैकी पुष्कळशी खरी ठरली, आणि त्याचा त्याला आनंद झाला नाही. त्याची छोटी फौज मात्र अजून मैदानात आहे. शिशाची जागा प्लॅस्टिकने आणि इतर धातूंनी घेतली असली, तरी अनेक देशांतील घरांतून माणसे कामावरून परत आल्यावर रंगाची कुंचली घेऊन बसतात आणि रविवारी मित्राशी लढाई खेळतात. त्यांना पाहून हसण्याचे किंवा घाबरण्याचे कारण नाही. पडलेला सैनिक डाव संपल्यावर पुन्हा उभा करून पेटीत ठेवता येतो, हे त्यांना ठाऊक असते. ज्यांच्या नकाशावरचे पडलेले सैनिक पुन्हा उभे राहत नाहीत, त्या सत्ताधाऱ्यांवर नागरिकांनी नजर ठेवली पाहिजे. वेल्सच्या आयुष्याचा अर्थ एवढा जरी आपण घेतला, तरी पुष्कळ झाले.